पिवळं आहे, लिही

२ मार्च

चुळबुळे,

आशीर्वाद पाठवतोय. घ्यायचे की परत करायचे ते तुझं तू बघ.

तुझा पत्ता मिळवायला मला बेकरीत तीन फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्या दोन वेळा तुझी आई 'माहीत नाही' म्हणाली. सख्ख्या आईला मुलीचा पत्ता माहीत नाही! तिसऱ्यांदा तिनं पावाच्या कागदावर तुझ्या मावशीचा पत्ता खरडला आणि माझ्याकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाला 'बोला' म्हणाली. पंधरा वर्षांचा शेजार आमचा. असो.

तू न सांगता गेलीस. पाच वर्षं रोज सकाळी सहाला माझ्या अंगणात येत होतीस, नळ्या विसळत होतीस, मला उलट उत्तरं देत होतीस, आणि जाताना एक शब्द नाही? मला राग आलाय. तो आधी लिहून मोकळा होतो, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

आपलं पाणी तपासायचं मंडळ चालू आहे. चौदा नळ, आणि तू गेल्यावर आठच पोरं. वही आता लांब्याकडे आहे. त्याचं अक्षर बघून कचेरीतला कारकून म्हणाला, 'हे पाण्याचं आहे की डॉक्टरच्या औषधाचं?' आपली बटण रोज विचारते, ताई कधी येणार. तेरा वर्षांची झाली तरी नाक पुसायचं कळत नाही, पण नळी धरताना हात हलत नाही तिचा.

परवा एक नवा पोरगा आला. त्याला तेच सांगितलं जे तुला सांगितलं होतं. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, रसायनाचे थेंब टाकायचे, पांढऱ्या कागदासमोर धरायचं. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे, पाणी चांगलं. पांढरंच राहिलं तर नाही, मग पाणीपुरवठ्याच्या कचेरीकडे धावायचं आणि गल्लीभर ओरडायचं, 'उकळून प्या!' आणि दोघांनी बघितल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही. तो म्हणाला, 'दोघांचं जुळलं नाही तर?' मी म्हटलं, 'मग मला आणून दाखवायचं.'

आता कामाचं. सहा फेब्रुवारीच्या नोंदीची सुनावणी एकवीस तारखेला आहे. तुलाही नोटीस आली असेल. ये आणि कबूल करून टाक. मागच्या गल्लीतल्या नळावर जायचा कंटाळा आला, नळी वाटेत दुसरीकडे भरली, एवढंच म्हण. एकोणीस वर्षांची पोर आहे, सांभाळून घेतील. आरोग्य निरीक्षकाच्या अभ्यासक्रमाला तुझा अर्ज गेलाय हे मला माहीत आहे, त्याला शिफारस मीच लिहिली होती. 'खोटी नोंद केली आणि वर नाकारते' असा शेरा बसला, तर तो अर्ज गेला म्हणून समज.

अक्षर मोठं आलंय. पेन जाड आहे.

घरी सूनबाईशी रोज वाजतंय. माझे सगळे शर्ट पिवळट धुते आणि वर म्हणते, पांढरेशुभ्र आहेत. या वयात माणसाला कुणी काहीही सांगावं!

चावीकाका

९ मार्च

चुळबुळे,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं. 'नळी मागच्या गल्लीतच भरली होती. ती पांढरी होती.' काका नाही, तुमची नाही, खाली नावसुद्धा नाही. इतका शिष्टपणा तुला मी शिकवला नव्हता.

बरं, तुझं खरं धरू. मग सहा फेब्रुवारीला काय झालं ते तूच सांग. लांब्या तापानं पडला होता. तुझ्या जोडीला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नळी घेऊन तू माझ्या अंगणात आलीस. तिथं पाच पोरं होती. तू म्हणालीस, 'काका, पांढरंच आहे.' मी नळी घेतली, कागदासमोर धरली आणि म्हटलं, 'पिवळं आहे, लिही.' तू म्हणालीस, 'नक्की?' मी म्हटलं, 'चाळीस वर्षं पाणी सोडलंय मी या गावाला. लिही.' तू लिहिलंस. तुझी सही आहे खाली.

दोन दिवसांनी मागच्या गल्लीत अकरा घरांत जुलाब आणि उलट्या. त्या एका गल्लीला पाणी देणाऱ्या पंपावरचं क्लोरीनचं यंत्र पाच तारखेपासून बंदच होतं, हे नंतर कळलं. म्हणजे त्या दिवशी मागच्या गल्लीचं पाणी पांढरं असायलाच हवं होतं. आणि नळी तर पिवळी होती. मग ती नळी त्या नळाची कशी असेल? चौकशीच्या मॅडम जबाब घ्यायला आल्या, तेव्हा त्यांनी सरळ हिशेब मांडला. मला विचारलं, 'तुम्ही स्वतः बघितली? पिवळी होती?' मी म्हटलं, 'होती.' दुसरं काय म्हणणार होतो? पाच पोरांनीही तेच सांगितलं, काका पिवळं म्हणाले. त्यांनी नळी हातात घेतली नव्हती, पण माझा शब्द ऐकला होता.

शिंपी अजून दवाखान्यात आहे. तोच, ज्यानं आपल्या नळ्यांच्या पिशव्या शिवून दिल्या. आता मूत्रपिंडावर आलंय म्हणतात. त्याचा मुलगा दुकान अर्धं उघडं ठेवून दवाखान्यात पळतो.

तुला आठवतं का, तू आलीस ते भांडायला आली होतीस. चौदा वर्षांची. 'आमच्या नळाला पाणी का नाही?' नाकाचा शेंडा लाल. मी तेव्हा नोकरीत होतो. तुला घेऊन गेलो त्या मोठ्या व्हॉल्वपाशी आणि लोखंडी चावी तुझ्या हातात दिली. सतरा फेरे फिरवायचे होते. नवव्या फेऱ्याला तुझे दंड थरथरायला लागले, मी म्हटलं सोड, तू म्हणालीस, 'हात लावू नका.' सतरावा फेरा झाला आणि गल्लीतल्या बायका घरातून ओरडल्या, 'आलं, आलं!' तू तोंड उघडं टाकून ऐकत राहिलीस. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पोरींना घेऊन हजर. मंडळ असं सुरू झालं, मी नाही सुरू केलं. मी लोकांना उगाच सांगतो, मी सुरू केलं म्हणून.

ती पोर कंटाळा आला म्हणून नळी दुसरीकडे भरेल, हे मला पटत नाही. पण मग काय पटवून घेऊ?

२१ ला ये.

चावीकाका

१४ मार्च

चुळबुळे,

हे पत्र दोनदा फाडलं. आता फाडणार नाही.

काल आमचे चिरंजीव मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी म्हणत होतो, कचरा गेलाय डोळ्यात. सूनबाई म्हणाली, 'कचरा जाऊन वर्ष झालं बाबा, आता काढून घ्या.' तिनं माझा शर्ट सोबत घेतला होता. डॉक्टरनी विचारलं, 'हा कुठल्या रंगाचा?' मी म्हटलं, 'धुणारीला विचारा, मूळचा पांढरा होता.' डॉक्टर हसले, सूनबाई हसली, चिरंजीव हसले. नंतर डॉक्टर हसायचे थांबले. म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, आणि पिवळा पिकलाय. तुम्हाला जग पिवळ्या काचेतून दिसतंय. फिका पिवळा आणि पांढरा यांतला फरक तुम्हाला कळणार नाही.

मी विचारलं, 'किती दिवसांपासून?' ते म्हणाले, 'बरेच महिने.'

म्हणजे कदाचित मला त्या दिवशी नीट दिसलं नसेल. कदाचित हं. मी अजून पूर्ण मानलेलं नाही. सकाळचं ऊन होतं, अंगणात झाडाची सावली पडते, कशामुळेही होऊ शकतं.

ऑपरेशन अठरा तारखेला ठरलंय. चिरंजीवांनी पहिली तारीख मागून घेतली. घरी आल्यावर दार लावून मला म्हणाले, 'बाबा, अठराला ऑपरेशन करून टाका. एकवीसला चष्मा लावून जा. डोळे स्वच्छ झाले की आधी काय दिसत होतं हे कोण सिद्ध करणार?'

मी म्हटलं, 'आणि ती पोर?'

'ती तरुण आहे. तिला दुसरं काही करता येईल. तुम्हाला या गावात दुसरं नाव आहे का?'

चिरंजीव वाईट नाहीत. बाप वाचवायला बघताहेत.  तुला खरं सांगायचं तर मला त्यांचं बोलणं आवडलं. ऐकताना बरं वाटलं, आणि मग स्वतःची लाज वाटली, पण आधी बरं वाटलं.

रस्त्यानं जाताना अजून लोक थांबवतात मला. 'काका, मुलाला तुमच्या मंडळात घ्या.' 'काका, तुमच्यासारखा माणूस हवा.' सगळं आयुष्य जमिनीखालचे व्हॉल्व उघडले आणि बंद केले, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. कुठं पाणी कमी आलं तर शिव्या मात्र पोचायच्या. निवृत्त झालो आणि तुम्हा पोरांमुळे माणसात आलो. ते सोडवत नाही.

काय करायचं ते ठरवलेलं नाही. तुला वाटेल, एवढं कळलं आणि अजून ठरवलेलं नाही? नाही ठरवलं.

चावीकाका

१७ मार्च

चुळबुळे,

शिंपी गेला. आज दुपारी.

सगळी गल्ली दुकानासमोर उभी होती. शटर अर्धं खाली होतं, आत यंत्रावर कुणाचा तरी कोट तसाच होता, एक बाही लावायची राहिलेली. आपली पोरं एका ओळीत उभी होती. लांब्या रडत होता. बटण रडत नव्हती, ती सारखी माझ्याकडे बघत होती.

शिंप्याचा मुलगा माझ्याजवळ आला. माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, 'काका, तुम्ही होतात म्हणून खरं बाहेर आलं. तुमच्या मंडळातली असली तरी त्या पोरीला सोडू नका.'

 त्याचे हात गरम होते. मी एवढंच म्हटलं, 'सांभाळ स्वतःला.' चार पावलं चालल्यावर मी शेजारच्या पायरीवर बसलो आणि लांब्या माझ्याजवळ येऊन उभा राहिला. लोक म्हणाले, काकांना फार लागलंय.

आता हे नुसतं अर्जाचं आणि शेऱ्याचं राहिलं नाही. माणूस गेलाय. तो मृत्यू तुझ्या नावावर लागणार आहे. उद्या तू कुठल्याही गावी जा, कुठलंही काम कर, 'हीच ती' म्हणतील. आणि ते माझ्या एका शब्दावर.

म्हणून उद्या मी ऑपरेशनला जाणार नाही. चिरंजीव रिक्षा सांगून बसलेत. सकाळी तमाशा होईल, होऊ दे. डोळे आत्ता जसे खराब आहेत तसेच मला एकवीस तारखेला हवेत. चांगले झाले तर माझ्याकडे दाखवायला काहीच उरणार नाही.

तू यायची गरज नाही. तुला तिथं शिंप्याच्या मुलासमोर उभं राहावं लागू नये. मी बोलेन.

हे वाचून तुला विश्वास वाटणार नाही. मलाही पुरता वाटत नाही. म्हणूनच लिहून ठेवतोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

चावीकाका

२२ मार्च

चुळबुळे,

बोललो. जसं झालं तसं सांगतो.

कचेरीचं मोठं दालन, लांब टेबल, पलीकडे मॅडम आणि दोन साहेब. अलीकडे खुर्च्यांवर गल्ली. पुढच्याच रांगेत शिंप्याचा मुलगा. तुझी आई शेवटच्या खुर्चीवर, बेकरीचा अ‍ॅप्रन तसाच. आपली आठही पोरं भिंतीला टेकून.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, 'नळी पांढरी होती. पोर बरोबर सांगत होती. मी चुकीचं बघितलं, मला दिसत नाही.'

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. काहीच झालं नाही. मॅडम हसल्या, अगदी मायेनं. म्हणाल्या, 'काका, बसा. तुमचा तिच्यावर जीव आहे हे सगळ्यांना माहीत आहे.'

'जीव आहे म्हणून नाही सांगत. दिसत नाही म्हणून सांगतोय.'

एक साहेब दुसऱ्याला म्हणाला, 'मोठा माणूस हो. स्वतःवर घेतोय.' आणि मागून कुणीतरी टाळी वाजवली! चुळबुळे, टाळी! चाळीस वर्षं खोटं बोललो नाही याचा लोकांना इतका भरवसा, की खरं बोलायला गेलो तर कुणी ऐकेना.

शिंप्याचा मुलगा उठला. 'काका, माझा बाप गेलाय. पोरीला वाचवायला असलं नाटक करू नका. निदान तुम्ही तरी.'

मी डॉक्टरची तेरा तारखेची चिठ्ठी मॅडमसमोर ठेवली. त्यांनी वाचली. विचारलं, 'तुम्हाला हे कधी कळलं?' मी म्हटलं, 'तेरा तारखेलाच.' मग मी म्हटलं, 'चिठ्ठीवर जाऊ नका. नळ्या मागवा.'

कारकुनानं आतल्या खोलीत आठ नळ्या भरल्या. काही क्लोरीनच्या पाण्याच्या, काही साध्या. त्यावर आकडे चिकटवले आणि पांढऱ्या कागदासमोर ओळीनं उभ्या केल्या. माझ्या सगळ्या पोरांच्या देखत मी एकेक सांगत गेलो. एक पिवळी. दोन पिवळी. तीन पिवळी. मी जीव तोडून बघत होतो ग. नाटक करायची गरजच नव्हती. मनात म्हणत होतो, एखादी तरी पांढरी दिसू दे. आठही पिवळ्या.

 मग बटणचा आवाज आला, 'काका, नीट बघा ना.'

मी पुन्हा बघितलं. तिच्यासाठी बघितलं. म्हटलं, 'पाचवी. पाचवी पांढरी आहे.'

बटण भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. पाचवी सगळ्यांत पिवळी होती. पांढऱ्या तिसरी, चौथी आणि सातवी होत्या, हे लांब्यानं मला घरी आणून सोडताना सांगितलं. 

मॅडमनी वहीतलं सहा तारखेचं पान पुढ्यात ओढलं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. बाहेर पडताना तुझी आई माझ्यासमोर येऊन थांबली.  मग अ‍ॅप्रन सारखा करून निघून गेली. तिचं बरोबर आहे.

चावीकाका

२९ मार्च

चुळबुळे,

निकाल लागला. त्याची प्रत तुलाही येईल, पण त्यातलं वाक्य मी इथं उतरवून देतो. 'मुलीने पाहिलेला रंग बरोबर होता. तिने नोंद वडीलधाऱ्या मार्गदर्शकाच्या सांगण्यावरून केली.' यंत्र बंद ठेवल्याचा ठपका पंपावरच्या लोकांवर आहे. तुझ्या अर्जाला आता कुणी हात लावू शकत नाही. मॅडमनी अभ्यासक्रमाच्या कचेरीला वेगळं पत्रही दिलंय.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. सूनबाईची माफी मागितली. शर्ट खरंच पांढरे आहेत.

मंडळ पोरं चालवताहेत. मी अंगणात बसत नाही. त्यांनी बसू नका म्हटलं नाही, मीच आत बसतो. जोडी जुळली नाही तर आता तिसऱ्या पोराला बोलावतात, मला नाही.

आणि लोक! चुळबुळे, लोकांनी मला डोक्यावर घेतलंय. बेकरीत, न्हाव्याकडे, कचेरीत, सगळीकडे एकच, 'बिचारे काका. डोळे गेले आणि कळलंसुद्धा नाही. कळल्याबरोबर येऊन सांगितलं, केवढं धैर्य.' काल शिंप्याचा मुलगा घरी आला. माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, 'काका, तुमच्यावर मी उगाच ओरडलो. तुम्हाला काय माहीत होतं?'

तो गेल्यापासून मी जेवलेलो नाही.

मला माहीत होतं.

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या इमारतीत डोळे तपासणीचं शिबिर लागलं होतं. मी घरी न सांगता गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, काम काय करता? मी फुशारकीनं सांगितलं, पोरांना पाणी तपासायला शिकवतो, रंग बघतो. त्यांनी कार्डावर लिहून दिलं, 'रंग ओळखण्याचे काम करू नये. शस्त्रक्रिया लवकर.' अकरा ऑक्टोबर. कार्ड मी कपाटातल्या जुन्या कागदांखाली ठेवून दिलं. त्यानंतर चार महिने पोरं नळ्या आणून दाखवायची आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायचो. पोरगं घाबरलेलं असेल तर पांढरं, निवांत असेल तर पिवळं. बहुतेक वेळा बरोबर यायचं. तुम्हाला चांगलं शिकवलं होतं ना मी.

सहा फेब्रुवारीला तुझ्या तोंडाकडेही बघितलं. तू घाबरली होतीस. ते मला दिसलं. पण तू पाच पोरांसमोर मोठ्यानं म्हणालीस, 'काका, पांढरंच आहे', आणि मला वाटलं, आता मी नुसता 'हो' म्हटलं तर हिचीच री ओढल्यासारखं होईल. ही आता माझ्याशिवायही करू शकते, हे पोरांना कळेल. म्हणून मी 'पिवळं आहे' म्हटलं. मला पिवळं दिसत होतं हे खरं. माझ्या दिसण्याला काही अर्थ नाही हे मला माहीत होतं, हेही खरं. तू 'नक्की?' म्हणालीस तेव्हा एक क्षण होता. तेव्हाही बोलता आलं असतं.

चौकशीत मी डोळे दाखवले, कार्ड नाही दाखवलं. मॅडमनी 'कधी कळलं' विचारलं, तेव्हा पुढच्या रांगेत शिंप्याचा मुलगा बसला होता. मी तेरा तारीख सांगितली. तुला लिहिलेल्या पत्रातही 'काल कळलं' असंच लिहिलं. तुझ्याशीही खोटं बोललो, शेवटपर्यंत.

या पत्रासोबत ते कार्ड तुला पाठवायचं ठरवलं होतं. लिहिणार होतो, हे तुझ्याकडे ठेव, कुणाला दाखवायचं ते तू ठरव. पाकिटावर तुझा पत्ताही लिहून झाला. मग लक्षात आलं, मी पुन्हा तेच करतोय. नळी मी बघितली आणि सही तुझी घेतली. आताही ओझं माझं आणि ठरवायचं तू.

म्हणून कार्ड पाठवत नाही. शर्टाच्या खिशात घातलंय. ते शिंप्याच्या मुलाला त्याच्या हातात देणार आहे आणि तारीख स्वतः वाचून दाखवणार आहे. तिथून कचेरीत. पुढं जे व्हायचं ते होईल. चिरंजीवांना सांगितलेलं नाही, ते वाटेत आडवे येतील.

मला भीती वाटतेय, पोरी. पत्र संपवायला म्हणून इतका वेळ लावतोय.

त्याचं दुकान दहाला उघडतं. आता पावणेदहा झालेत.

तुझा
काका